अर्ध्या इंचातले कुत

आमच्या धाकट्या पातीच्या घरी, देवघराच्या फळीवर, हळदीकुंकवाची बोटे लागून लागून काळवंडलेला एक चांदीचा बिल्ला आहे. एका बाजूला पंचम जॉर्जचे मस्तक, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष आणि १९१४ व १९१८ ही दोन वर्षे. घरात त्याविषयी एकच वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे : ‘तो बसऱ्याला गेला आणि तिकडेच राहिला.’ लहानपणी मला बसरा म्हणजे फक्त मोत्यांचे गाव वाटायचे, त्यामुळे आमच्या घरचा कोणी मोती आणायला गेला असावा आणि तिथल्या श्रीमंतीत रमला असावा, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती.

पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश पदकांच्या कडेवर ते ज्याला दिले त्याचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकून उमटवलेली असे, हे मला फार उशिरा कळले. पातीतल्या थोरल्या तात्यांची परवानगी घेऊन मी तो बिल्ला चिंचेच्या कोळाने हलक्या हाताने पुसला आणि भिंग लावून कड वाचली. नावातली दोन अक्षरे झिजून गेली आहेत, पण पलटणीचा आकडा स्वच्छ आहे : ११०, आणि पुढे ‘मराठा’. त्या आकड्याने मला नकाशांच्या नादी लावले.

११० वी मराठा लाइट इन्फंट्री ही मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढलेल्या सहाव्या डिव्हिजनमधली पलटण. त्या डिव्हिजनचे अधिकृत नावच ‘सहावी पूना डिव्हिजन’ असे होते. नोव्हेंबर १९१४ मध्ये ती फावच्या किनाऱ्यावर उतरू लागली, त्याच महिन्यात बसरा तुर्कांकडून ब्रिटिशांच्या हाती आले आणि पुढचे वर्षभर ती तैग्रिस नदीच्या काठाने वर वर सरकत राहिली. तीत १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या, शिवाय खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, १७ व २२ क्रमांकाच्या कंपन्या होत्या. म्हणजे पुण्याच्या नावाची डिव्हिजन, कोकणातली आणि देशावरची माणसे, आणि जनरल टाउनशेंडचे सेनापतिपद. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या उंबऱ्याशी टेसिफॉनला ही चढाई अडली, डिव्हिजन मागे फिरली, ३ डिसेंबरला कुत-अल-अमारा या गावी पोहोचली आणि तिथेच वेढली गेली. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत शरण गेले. सुमारे १३ हजार माणसे कैद झाली. त्यांत तीन हजारांहून अधिक भिस्ती, आचारी, खेचरवाले असे बिनलढवय्ये होते. इतके सगळे कोणत्याही इतिहासग्रंथात मिळते. मला हवे होते ते एवढेच, की ११० वी नेमकी कुठे होती. आणि ‘कुठे’ या प्रश्नाला ग्रंथ फार ओझरते उत्तर देतात.

जुने लष्करी स्थलदर्शक नकाशे आता घरबसल्या पाहता येतात, ही गेल्या दहा-बारा वर्षांतली मोठी सोय आहे. इंडिया ऑफिसच्या दप्तरातले आखाती प्रदेशाचे आणि मेसोपोटेमियाचे कितीतरी नकाशे कतार डिजिटल लायब्ररीने पडद्यावर आणून ठेवले आहेत आणि ते इतके मोठे करता येतात की कागदाचे तंतू दिसतात. त्यांपैकी बरेच भारतीय सर्वेक्षण विभागाने तयार केलेले आणि हेलिओझिंकोग्राफीने छापलेले आहेत. हा शब्द समासात बारीक टाइपात वाचला तेव्हा मला गंमत वाटली, कारण पुण्याचे शासकीय फोटोझिंको मुद्रणालय आणि तिथून आणलेले गावनकाशे हा आमच्या घरच्या जमिनीच्या वादातला नेहमीचा विषय. जस्ताच्या पत्र्यावरून छापण्याची ती कला तलाठ्याच्या गावनकाशालाही उपयोगी होती आणि परमुलखावर स्वारी करणाऱ्या सेनेलाही.

या नकाशांचे नेहमीचे प्रमाण पाव इंची, म्हणजे एका इंचाला चार मैल. शाळेत आपण ज्या स्थलदर्शक पत्रकांवर समोच्चरेषा वाचायला शिकलो, तशा रेषा इथे जवळजवळ नाहीतच. सह्याद्रीतल्या माणसाला हा कागद रिकामा वाटतो. डोंगर नाही, घाट नाही, सोंडही नाही. एक पिळवटलेली निळी नदी, तिच्या दोन्ही अंगांना तुटक रेषांचे कोरडे कालवे, गवताच्या जुडग्यांसारख्या खुणांनी दाखवलेली दलदल, आणि मधूनमधून एखादा ढिगारा, एखाद्या पिराची कबर. त्या सपाटीत वीस फुटांचा मातीचा उंचवटादेखील नाव देऊन नोंदवावा लागे, कारण दिशा धरायला दुसरे काही नसे. त्यातही उन्हाळी मृगजळामुळे तो उंचवटा कधी पाण्यावर तरंगताना दिसे, कधी दिसेनासा होई. पहिले काही दिवस मी हा नकाशा नुसता वरखाली सरकवत होतो आणि त्यात वाचण्यासारखे काही आहे असे मला वाटत नव्हते.

मग एका रात्री मी फूटपट्टी घेतली. कुत गाव तैग्रिसच्या एका नागमोडी वळणात, तीन बाजूंना पाणी असलेल्या जिभेच्या टोकाला वसलेले आहे. ही जीभ सुमारे दोन मैल लांब आणि साधारण एक मैल रुंद. पाव इंची नकाशात तिची लांबी होते अर्धा इंच, रुंदी पाव इंच. माझ्या करंगळीच्या नखाखाली सगळा वेढा झाकला जात होता. या अर्ध्या इंचात जवळजवळ पाच महिने पूना डिव्हिजन राहिली. घोडी आणि खेचरे कापून खाल्ली गेली, आणि धर्माच्या अडचणीमुळे ज्या शिपायांनी ते मांस फार काळ नाकारले त्यांच्या हिरड्या सुजून रक्त येऊ लागले, कारण कणकेचा शिधा घटत चालला होता आणि भाजीपाला नव्हताच.

अर्ध्या इंचाच्या बाहेर नजर नेली की सुटकेसाठी आलेली सेना का पोहोचली नाही, हे मात्र हाच नकाशा कोणत्याही ग्रंथापेक्षा लवकर सांगतो. नदीच्या उत्तरेला सुवैकिया नावाची विस्तीर्ण दलदल आहे. कुतच्या खालच्या अंगाला, हन्ना आणि सन्नायत या ठिकाणी, ती दलदल नदीच्या इतकी जवळ येते की मधे जेमतेम मैलभराची कोरडी पट्टी उरते, म्हणजे कागदावर पाव इंच. त्या पट्टीत तुर्कांनी आडवे खंदक खणले. बगल देऊन जायला जागाच नाही : उजवीकडे चिखल, डावीकडे पाणी. २१ जानेवारी १९१६ रोजी हन्नावर समोरासमोर हल्ला झाला आणि एका दिवसात सुमारे २,७०० माणसे पडली. एप्रिलमध्ये सन्नायतवर ६, ९ आणि २२ तारखेला पुन्हा पुन्हा तेच झाले. कुतमधल्यांना सोडवण्याच्या खटपटीत एकंदर २३ हजारांच्या आसपास माणसे जायबंदी किंवा ठार झाली, म्हणजे ज्यांना सोडवायचे त्यांच्याहून कितीतरी जास्त. सेनापतींच्या अकलेवर खूप लिहिले गेले आहे आणि त्यातले बरेचसे खरेही आहे; पण या पाव इंचावर बोट ठेवून पाहिल्यानंतर मला त्या टीकेची धार थोडी बोथट वाटू लागली.

नकाशाच्या अभावानेही या मोहिमेत आपले काम केले आहे. टेसिफॉनच्या लढाईच्या आदल्या दिवशी, २१ नोव्हेंबर १९१५ रोजी, मेजर रायली नावाचा वैमानिक तुर्कांच्या ठाण्यांवरून उडत गेला. तुर्कांकडे ताजी कुमक येऊन पोहोचली आहे हे त्याने वरून पाहिले, कागदावर टिपले, आणि परतीच्या आधीच त्याचे विमान पडून तो कैद झाला. टाउनशेंडला जी बातमी मिळायला हवी होती ती मिळाली नाही, हे एक नुकसान. दुसरे असे, की रायलीजवळचा तैग्रिसच्या प्रवाहाचा रेखाटनवजा नकाशा तुर्कांच्या हाती पडला. आणि स्वतःच्याच साम्राज्यातल्या त्या मुलखाचे धड नकाशे नसलेल्या तुर्की सेनापतींना तो कागद अतिशय मोलाचा वाटला. आपल्या घराचा आराखडा चोराच्या खिशातून मिळावा तसा हा प्रकार आहे.

टेसिफॉनच्या ब्रिटिश नकाशावर तुर्कांच्या पहिल्या फळीच्या उत्तर टोकाशी ‘व्ही. पी.’ अशी दोन अक्षरे आहेत. हे गाव आहे की विहीर, या विचारात मी एक संध्याकाळ घालवली. ती जागेची नाहीत, विचाराची अक्षरे आहेत : ‘व्हायटल पॉइंट’, म्हणजे मर्मस्थान. ज्या गढीवजा ठाण्यावर घाव घातला की सगळी फळी कोसळेल असे टाउनशेंडने ठरवले, तिला त्याने हे नाव दिले. २२ नोव्हेंबरला ते मर्मस्थान खरोखरच पडले, पहिली फळी घेतली गेली, आणि तरीही लढाई हातची गेली, कारण मागे दुसरी फळी होती आणि रायलीने पाहिलेली कुमक होती. तिथल्या नकाशावर आणखी एक खूण ठळक आहे, ती प्राचीन इराणच्या सासानी राजांच्या वाड्याच्या प्रचंड विटांच्या कमानीची. आसपास खंदक, तोफा, हजारोंची गर्दी, आणि मधे ती कमान नुसती उभी. आजच्या उपग्रहचित्रातही ती लगेच सापडते. दोन काळांचे कागद एकमेकांवर बसवताना अशी न हललेली एक वस्तू मिळणे म्हणजे केवढा आधार असतो, हे ज्याने ते काम केले त्यालाच कळेल.

कुतच्या बाबतीत मला असा आधार मिळाला नाही आणि तिथेच माझी चूक झाली. जुने पत्रक आजच्या उपग्रहचित्रावर बसवण्यासाठी क्यूजीआयएस या मोफत संगणकप्रणालीत दोन्हींवरचे समान बिंदू दाखवून द्यावे लागतात. मी नदीची वळणे धरली. काठ इतके सारखे दिसत होते की शंका यायला जागा नव्हती. चार-पाच वळणे जुळवल्यावर नकाशा रबरासारखा ताणला गेला आणि ज्या वस्तीच्या शोधात मी होतो ती भर पात्रात जाऊन बसली. दोन रात्री मी तो दोष सर्वेक्षण करणाऱ्यांच्या माथी मारत होतो. वास्तविक दोष माझा होता. तैग्रिस गाळ वाहणारी, काठ खाणारी नदी आहे. शिवाय १९३९ मध्ये कुतला मोठा बंधारा पूर्ण झाला आणि तिथल्या पात्राचे रूपच पालटले. शंभर वर्षांपूर्वीचा काठ आजच्या काठाला खिळवणे म्हणजे कोयनेच्या जलाशयाचा काठ धरून त्याखालच्या जुन्या गावठाणांची जागा ठरवण्यासारखे आहे. शेवटी नदी सोडून दिली आणि समासातली अक्षांश-रेखांशांची छेदनस्थाने धरली, तेव्हा पत्रक निमूटपणे जागेवर बसले. तरी काही अंतर राहतेच. या प्रमाणात कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे सुमारे २५० मीटर, तेव्हा शिसपेन्सिलीच्या टोकाएवढ्या चुकीत एक अख्खी कंपनी इकडची तिकडे होते.

वेढ्याची बारीकसारीक मांडणी पाहायला अर्थातच मोठ्या प्रमाणावरचे आराखडे लागतात. त्यांवर जिभेच्या मुळाशी, म्हणजे उत्तरेकडे, नदीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ओढलेली खंदकांची पहिली ओळ दिसते, तिच्यावर इंग्रजी अक्षरांची नावे दिलेली ठाणी, आणि पूर्वेच्या टोकाला, नदीला चिकटून, ‘फोर्ट’. किल्ला म्हटल्यावर रायगड डोळ्यांपुढे आणू नये. ती मातीच्या भिंतींची एक गढी होती, आपल्या देशमुखांच्या वाड्यांना असत तशी. २४ डिसेंबर १९१५ रोजी तुर्कांनी तोफांनी तिच्या भिंतीला खिंडारे पाडली आणि ईशान्येच्या बुरुजावर चाल केली. तिथे ऑक्सफर्डशायर अँड बकिंगहॅमशायर लाइट इन्फंट्रीबरोबर १०३ वी मराठा होती, हीच पुढे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, ‘जंगी पलटण’. हातघाईवर आलेली ती लढाई रात्रीपर्यंत चालली आणि गढी टिकली. आराखड्यावर या सगळ्याची खूण म्हणजे तीन मिलिमीटरांचा एक वाकडा चौकोन.

महिन्याने नदीनेच नकाशा बदलला. जानेवारीच्या २०-२१ तारखेला तैग्रिसचे पाणी चढले आणि पहिल्या ओळीचे खंदक भरून गेले. शिपाई मागच्या मधल्या ओळीवर आले आणि समोरच्या तुर्कांनाही आपले खंदक सोडून मागे हटावे लागले. जो आराखडा पहिली ओळ ठळक दाखवतो तो डिसेंबरचा, जो तिला पुसट दाखवतो तो जानेवारीनंतरचा. समासात तारीख नसली तरी एवढ्यावरून तो कधीचा हे ओळखता येते. हन्नाचा हल्लाही त्याच २१ जानेवारीला, त्याच पावसात झाला होता. हे दोन कागद शेजारी ठेवले तेव्हा मला ती तारीख पहिल्यांदा नीट समजली. ग्रंथात या दोन घटना दोन वेगळ्या प्रकरणांत येतात.

आणि ११० वी? ती गढीत नव्हती, खंदकांच्या ओळीतही नव्हती. ती नदीपलीकडे होती. कुतच्या समोर, उजव्या तीरावर, लोकरीचे गठ्ठे दाबून बांधण्याचे यंत्र असलेली एक छोटी वस्ती होती. आपल्याकडे खानदेशात आणि वऱ्हाडात जिनिंग-प्रेसिंगच्या भोवती घरे उभी राहतात, तशातलाच प्रकार. नकाशावर तिचे नाव ‘वूलप्रेस व्हिलेज’. ११० वी मराठा आणि १२० वी राजपुताना या दोन पलटणींच्या शिपायांनी ती वस्ती वेढा संपेपर्यंत धरून ठेवली. मुख्य फौजेपासून मधे नदी, तीन बाजूंना शत्रू, आणि रसद, दारूगोळा, जखमी यांची ने-आण रात्रीच्या अंधारात बोटीने. वेढ्याच्या आत वेढा. मोठ्या आराखड्यावर ती जागा एका काळ्या ठिपक्यांच्या पुंजक्याने आणि त्याभोवतीच्या अर्धवर्तुळाने दाखवली आहे; त्या अर्धवर्तुळाची दोन्ही टोके नदीला टेकतात. जिथून हाय नावाचा फाटा, आजचा गर्राफ, नदीतून फुटतो, त्याच परिसरातली ही जागा. बिल्ल्याच्या कडेवरचा आकडा या अर्धवर्तुळाला जाऊन भिडला, तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि सांगायला घरात कोणी जागे नव्हते.

त्या अर्धवर्तुळातून पूर्वेकडे पाहणाऱ्याला ८ मार्च १९१६ च्या सकाळी काय वाटले असेल, याचा विचार नकाशामुळे टाळता येत नाही. सुटकेच्या सेनेने त्या रात्री दलदलीची बाजू सोडून दक्षिणेकडून लांबचा वळसा घेतला होता. अंधारात, होकायंत्रावर आणि पावले मोजत, सुमारे २० हजार माणसे वाळवंटातून चालत गेली आणि पहाटे दुजैला या मातीच्या ठाण्यासमोर येऊन ठेपली. नकाशावर ते ठाणे भक्कम होते. प्रत्यक्षात त्या पहाटे ते जवळजवळ रिकामे होते. पण हल्ल्याचे वेळापत्रक त्या भक्कम ठाण्याला धरून आखलेले होते, त्यात आधी तोफा आणि मग पायदळ असा क्रम होता, आणि तो मोडायचे धाडस सुटकेच्या सेनेचा सेनापती जनरल एल्मर याने केले नाही. तास गेले, तुर्कांची माणसे येऊन खंदकांत उतरली, आणि दिवस मावळेपर्यंत साडेतीन हजारांच्या आसपास माणसे गमावून सेना परत फिरली. कुत तिथून सात-आठ मैलांवर, पाव इंची पत्रकात दोन इंचांवर. इतक्या सपाट मुलखात तोफांचा आवाज आणि उजेड लपत नाही.

या कागदांवरची नावे हा एक वेगळाच छंद होऊन बसला आहे. अरबी नावांच्या भोवती लढणाऱ्यांनी स्वतःची नावे पेरली आहेत. दुजैलाकडे निघण्यापूर्वी सेना जिथे गोळा झाली त्या पाणथळ जागेला गोऱ्यांनी बायबलातल्या सिलोआमच्या तळ्याचे नाव दिले होते. जवळच एक ‘थॉर्नी नाला’ आहे. थॉर्नी त्यांचा, नाला आपला. हिंदुस्थानी पलटणींत वर्षे काढलेल्या साहेबांच्या तोंडात तो शब्द इतका मुरलेला होता, की तैग्रिसच्या काठी खळगा दिसला तरी त्यांना नालाच आठवला. टेसिफॉनला ‘गुरखा माउंड’ आहे, मूठभर गुरख्यांनी रात्रभर लढवलेला एक ढिगारा. मराठ्यांच्या नावाची टेकडी, खंदक किंवा खळगा मी पाहिलेल्या पत्रकांवर कुठेही नाही. वाईट वाटून घेण्यासारखे त्यात काही आहे असे मी म्हणणार नाही. नाव पडायला जागा दिसावी लागते, आणि वूलप्रेसला आधीच नाव होते.

नावांचा विषय निघाला म्हणून सांगतो. मेसोपोटेमियात मरण पावलेल्या आणि ज्यांची कबर माहीत नाही अशा ४० हजारांहून अधिक लोकांचे स्मारक बसऱ्याला उभारले गेले, १९२९ मध्ये त्याचे उद्घाटन झाले, आणि १९९७ मध्ये ते तिथून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेण्यात आले. त्या दगडांवर ब्रिटिश शिपायांची नावे आहेत, हिंदुस्थानी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदुस्थानी शिपायांच्या वाट्याला पलटणीचे नाव आणि पुढे आकडा आला : आणि इतर इतके. हा भेदभाव होता, हे राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या अहवालात एप्रिल २०२१ मध्ये मान्य केले गेले. आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत जी संगमरवरी पाटी आहे तिचीही रीत हीच : या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले. म्हणून बिल्ल्याची कड आणि नकाशावरचे अर्धवर्तुळ या दोन गोष्टींना मी एवढे धरून आहे. एकीवर माणूस आहे, दुसरीवर जागा आहे, आणि दोन्ही एकाच आकड्याने जोडता येतात.

इथे नकाशांविषयीचे माझे एक मत नोंदवून ठेवतो. युद्धाचे नकाशे दोन जातींचे असतात. एक, लढाई चालू असताना पिशवीत घडी घालून नेलेले. दुसरे, सगळे संपल्यावर, कोण जिंकले हे माहीत असताना, अधिकृत इतिहासासाठी स्वच्छ काढलेले. दुसऱ्या जातीचे नकाशे वाचायला सोपे, रेषा सुबक, लाल-निळे बाण डौलदार. मीसुद्धा त्यांच्यापासूनच सुरुवात केली. पण त्यांवर दुजैलाचे ठाणे पहाटे रिकामे होते हे कळते आणि एल्मर मूर्ख वाटतो. पहिल्या जातीच्या कागदावर तेच ठाणे काळेभोर आणि भरीव आहे, दलदलीची कड अंदाजाने ओढलेली आहे, नदीचा एक तुकडा तर पाहणी झाली नाही म्हणून तुटक आहे. तो नकाशा चुकीचा आहे, आणि त्या पहाटे सेनापतीच्या कंदिलाच्या उजेडात तेवढा तोच होता. मला हे चुकीचे नकाशे अधिक खरे वाटतात.

गेल्या दिवाळीत हे सगळे तात्यांना दाखवायचे ठरवले. तात्या धाकट्या पातीतले सर्वांत थोरले, ऐंशी पार केलेले; संगणकाच्या पडद्यावर त्यांचा विश्वास नाही. म्हणून साताऱ्यात घरांचे आराखडे छापून देणाऱ्या एका दुकानातून पाव इंची पत्रक मूळ आकारात छापून घेतले. पहिली प्रत यंत्राने कागदात बसवण्यासाठी थोडी आखडून काढली होती, ते प्रमाणपट्टीला फूटपट्टी लावल्यावर कळले. दुकानदाराने कुरकुर केली, पण दुसरी काढून दिली. पडवीतल्या बाजेवर पाट ठेवून त्यावर तो कागद अंथरला. तात्यांनी चष्मा नाकावर ओढला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “ह्यात बसरा कुठं आहे?”

बसरा त्या कागदावर नव्हताच. कुतपासून सरळ रेषेत तो सुमारे १८० मैल आग्नेयेला, म्हणजे याच प्रमाणात आणखी ४५ इंच. मी काकूंच्या शिवणाच्या डब्यातली टेप आणली आणि कुतपासून तिरपी धरली. ती कागद ओलांडून, पाट ओलांडून, बाजेच्या कडेपलीकडे गेली आणि तिचे टोक अधांतरी लोंबू लागले. तात्यांनी तिथे एक स्टूल ओढून घेतले, त्यावर आपला अडकित्ता ठेवला आणि म्हणाले, “हा बसरा. आणि हा कुठं होता?”

मी वूलप्रेसवर बोट ठेवले. ते आत गेले, देवघरातून बिल्ला घेऊन आले आणि माझे बोट बाजूला सारून त्यांनी तो तिथे ठेवला. त्याचा व्यास ३६ मिलिमीटर, जमिनीवर नऊ किलोमीटर होतात. त्याच्याखाली वस्ती गेली, कुत गेले, गढी, खंदकांच्या दोन्ही ओळी आणि नदीची तीनही वळणे गेली. तात्या थोडा वेळ पाहत राहिले. मग त्यांनी तो उचलला, दोन बोटांत कडेवर उभा धरला आणि विचारले, “नदीच्या अलीकडे की पलीकडे?”

“पलीकडे,” मी म्हणालो, आणि त्यांनी कड नीट पलीकडच्या तीराला टेकवली.